नऊ जणांचे दात

दिवाळखोरीचा अर्ज बावीस पानांचा होता. कवळीबाईने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन दिवस बसून भरला आणि चौथ्या दिवशी कचेरीत नेला. तिला वाटलं होतं, तिथे निदान कोणीतरी मान वर करून बघेल. खिडकीतल्या मुलीने पानं उलटली आणि म्हणाली, "प्रत्येक पानावर सही लागेल. आणि दोन झेरॉक्स."

"बास?"

"झेरॉक्स खाली, जिन्याजवळ."

अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यावर पाणी सोडायला आलेली बाई झेरॉक्सच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या माणसाला ओळखपत्राची प्रत रंगीत हवी होती आणि मशीनवाला ती देत नव्हता. त्या दोघांचं भांडण मिटेपर्यंत तिने भिंतीला कागद टेकवून बावीसही सह्या करून टाकल्या.

खरं नाव त्या अर्जावर होतं. बाकी ते फारसं कुठे वापरात नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची, म्हणून कवळीबाई. लोक तोंडावरही तसंच म्हणत. "इतरांचं नाव होतं, माझी कवळी झाली," असं ती स्वतःच सांगायची आणि समोरच्याच्या आधी हसून घ्यायची.

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे तिची लॅब. पहिल्या खोलीत खिडकीखाली लांब बाक, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या सुऱ्या, पॉलिशचं चाक. दुसऱ्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे साचे. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं तिथे आ वासून बसलेली असत. दातांचे डॉक्टर माप घ्यायचे आणि तिच्याकडे पाठवायचे. पैसे मात्र पेशंट थेट तिच्याकडे भरायचा. डॉक्टरांना ती कटकट नको असायची. तिचा नियम एकच होता. अर्धे आधी, अर्धे हसल्यावर. कवळी बसवली की ती पेशंटला आरशासमोर उभं करायची आणि हसायला सांगायची. हसताना हात तोंडावर गेला, तर कवळी परत बाकावर. एका आजीबाईंची कवळी पाच वेळा परत गेली. सहाव्या वेळी आजीबाई हसल्या त्या वैतागून, पण हात खालीच राहिला. तेव्हा कुठे तिने उरलेले पैसे घेतले.

मग यंत्र आलं. फ्रिजएवढं, कॉम्प्युटरवर चालणारं, पक्के दात कोरून काढणारं. तीन डॉक्टरांनी शब्द दिला होता, सगळं काम तुमच्याकडेच. त्या शब्दावर तिने कर्ज काढलं. कागदांवर सही स्वतःची केली, कारण लॅब म्हणजे तीच. दीड वर्षात दोन दवाखाने एका मोठ्या कंपनीने विकत घेतले, त्यांची स्वतःची लॅब होती. तिसरे डॉक्टर निवृत्त झाले. यंत्र महिन्याच्या महिन्याला हप्ता खात राहिलं. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा, असं तिने चार वर्षं केलं. किराणाही कार्डावर यायला लागला तेव्हा तिने फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंची वेळ घेतली.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोप लागते का?"

तिने खरं ते सांगितलं.

"मग अर्ज करू," वकीलबाई म्हणाल्या.

रविवारी तिचा मोठा भाऊ बायकोला घेऊन आला. दादाचं स्कूटर दुरुस्तीचं काम होतं, घरामागे पत्र्याची शेड होती. तो बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसला.

"दिवाळखोर," तो म्हणाला. "आपल्या घरात हा शब्द कधी आला नव्हता."

"आपल्याला कोणी कर्जच दिलं नव्हतं. कुठून येणार?"

वहिनी हसली आणि नवऱ्याकडे बघून लगेच गप्प झाली. मग म्हणाली, "वन्सं, ते सगळं उचलून नेतात म्हणे. भांडीसुद्धा."

"भांडी नाही नेत. विचारलंय मी. पलंग, शेगडी, कपडे राहतात. हातातली अवजारंही ठेवू देतात, एका मर्यादेपर्यंत. यंत्र जाणार, गाडी जाणार, साठवलेलं असेल ते जाणार. साठवलेलं काही नाही, म्हणजे उचलायला त्यांना हलकंच."

दादाने आवाज खाली आणला. "ते पॉलिशचं चाक माझ्या शेडमध्ये आणून टाक. कोण मोजायला येतंय."

"आणि मी काम कुठे करू? तुझ्या शेडमध्ये, स्कूटरखाली झोपून?"

"तुझ्या भल्याचं सांगतोय."

"कळतंय रे दादा. चहा पी, गार झाला."

अर्ज दाखल झाला आणि पहिली गोष्ट घडली ती म्हणजे फोन थांबले. बँकेचे, कार्डवाल्यांचे, वसुलीवाल्यांचे. सकाळी आठला सुरू होणारी घंटी वाजेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी तिने वहिनीला फोन लावला आणि म्हणाली, "मला जरा उलटा फोन कर गं. चालतोय का बघते."

खातं चार दिवस गोठलं. त्या चार दिवसांत तिने डब्यातलं उरलंसुरलं शिजवलं. कार्डं कापून पाकिटात घालून द्यायची होती. तिने ती प्लास्टरच्या करवतीने कापली आणि सवयीने कडाही घासून गुळगुळीत केल्या. घरखर्चाचा एक सक्तीचा वर्ग होता. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, गरज आणि चैन. कवळीबाईने हात वर केला.

"दात कशात धरायचे?"

"कोणाचे?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. वर्गात दोन तासांत पहिल्यांदा कोणी हसलं.

सरकारी राजपत्रात तिच्या नावाची नोटीस आली. तिने तो अंक विकत घेतला. चष्मा लावूनही नाव सापडायला वेळ लागला. ज्या बदनामीच्या भीतीने तिने चार वर्षं काढली होती, ती भिंग घेतल्याशिवाय वाचता येत नव्हती.

नवव्या दिवशी कोर्टाने नेमलेले अधिकारी लॅबमध्ये आले. पस्तिशीचे, सर्दीने हैराण झालेले. दिसेल ते लिहून घ्यायचे. तासाभरात तिने मनातल्या मनात त्यांचं नाव यादीसाहेब ठेवलं. त्यांनी यंत्रावर नंबराची चिठ्ठी चिकटवली. खुर्च्या मोजल्या. दातांची पाकिटं मोजली. कवळीची गुलाबी पावडर तिच्याच काट्यावर वजन करून घेतली, सातशे ग्रॅम. कोणती अवजारं ठेवून घ्यायची ते तिला मर्यादेत राहून निवडायचं होतं. तिने सुऱ्या ठेवल्या, दिवा ठेवला, हातात धरायचं लहान घासमशीन ठेवलं. चाक बसेना. तिने दोनदा बेरीज केली आणि चाकावरचा हात काढून घेतला.

"हे लिहा," ती म्हणाली.

बाकाच्या टोकाला नऊ ट्रे होते. प्रत्येकात मेणात बसवलेले दात, प्रत्येकावर एक चिठ्ठी.

"ह्याची विक्रीची किंमत?"

"शून्य."

"एवढे दात आहेत की."

"प्रत्येक कवळी एकाच माणसाची असते साहेब. दुसऱ्याच्या तोंडात नुसती टोचते."

यादीसाहेबांनी लिहिलं, अर्धवट माल, नऊ नग, किंमत शून्य. नाक पुसलं आणि पुढच्या फळीकडे वळले. जाताना म्हणाले, आठवड्याने घेणेकऱ्यांची सभा, त्यानंतर खोल्यांना कुलूप. तोवर कशालाही हात लावायचा नाही. आता हे सगळं कोर्टाच्या ताब्यात.

दुपारी हेडमास्तर आले. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले, नऊ चिठ्ठ्यांपैकी एक त्यांची. दात नसल्याने त्यांचे शब्द ओठांतून गळून पडत, आणि ते कळत असल्यामुळे ते आणखीच सावकाश बोलत.

"बाई, घाई करत नाही. पण हिला आता दिसत नाही. मी रोज पेपर वाचून दाखवतो. काल अग्रलेख वाचला, तर ही म्हणते, पुरे करा, ह्यापेक्षा रेडिओ लावा."

"मास्तर, जरा अडचण आहे."

"असू दे, असू दे. आधीचे पैसे भरलेत मी. ते आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत," ती म्हणाली. तोंडून आपसूक गेलं.

ते जिना उतरून गेल्यावर ती स्टुलावर बसली. पैसे नव्हते. नऊ जणांचे आगाऊ पैसे यंत्राच्या हप्त्यात केव्हाच गेले होते. आणि अर्जाच्या चौदाव्या पानावर, 'ज्यांचं देणं आहे अशा सर्वांची नावं' ह्या मथळ्याखाली, तिने पाचच नावं लिहिली होती. बँक, कार्ड, यंत्राची कंपनी, मटेरियलवाला, खोल्यांचा मालक. खाली छापलेलं होतं, वरील यादी संपूर्ण आहे. त्याखाली सही.

लपवायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. ती नऊ नावं तिला आठवलीच नव्हती. तिच्या धंद्यात आगाऊ घेतलेल्या पैशाला कोणी देणं म्हणत नसे. त्याला हातातलं काम म्हणत. काम झालं की फिटलं. काम करणाराच बंद पडेल, हे कोणी धरलेलं नव्हतं.

तिने वकीलबाईंना फोन लावला. राहिलेल्या नऊ नावांचं सांगितलं.

"यादी दुरुस्त करता येते," वकीलबाई म्हणाल्या. "पण अधिकारी विचारणार, आधी का नाही लिहिलं. अर्ज खोटा भरला असं ठरलं, तर शेवटी कर्जातून मोकळं करायचा जो हुकूम असतो, तो अडू शकतो. नाकारलाही जातो. मग होतं ते गेलेलं असेल आणि कर्ज मानेवर तसंच. ही भीती दाखवत नाही, सांगून ठेवते."

"आणि मी गुपचूप पुऱ्या करून दिल्या तर?"

"तर नऊ घेणेकऱ्यांना तुम्ही बाकीच्यांच्या आधी फेडलंत, तेही कोर्टाच्या मालातून. ते जास्त वाईट."

"आणि यादीत घातलं की त्यांना काय मिळेल?"

"सगळ्यांना मिळेल तेच. चिल्लर. तीही वर्षभराने."

फोनवर सगळं ऐकून दादा संध्याकाळी आला तेव्हा त्याचं मत तयारच होतं. नऊ म्हातारे, नऊ कवळ्या. चार दिवस दार लावून घे, करून टाक, देऊन टाक. कोण बघतंय?

"सातशे ग्रॅम आहे पावडर," ती म्हणाली. "वजन करून गेलेत."

"मी आणून देतो पावडर."

"मग तुझ्याकडून घेतलेली पावडर कुठल्या पानावर लिहू?"

दादाला राग आला. "तुला सगळं पानावरच लिहायचंय. पुढचं सगळं आयुष्य पणाला लावशील, आणि मास्तरांना पेपर वाचता येणार नाही तो नाहीच."

दादा गेल्यावर तिने एका कागदावर नऊ नावं, नऊ पत्ते आणि प्रत्येकाने किती दिले ते लिहिलं. अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं.

सकाळी कचेरी उघडायच्या आधी ती पायरीवर होती. यादीसाहेबांनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"ह्यांची मला खबरही नव्हती," ते म्हणाले.

"मलाही नव्हती. म्हणजे ती माणसं ठाऊक होती. त्यांचं देणं आहे हे ठाऊक नव्हतं."

"हे मला लिहावं लागेल. यादीतून वगळली होती असं."

"लिहा. स्वतः येऊन सांगितलं, तेही लिहाल का?"

"जे घडलं ते सगळं लिहितो मी," यादीसाहेब म्हणाले. ते खरंच होतं.

"मग आणखी एक. सभेत मला पाच मिनिटं बोलू द्या."

सभा म्हणजे एक लांबुळकी खोली आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. बँकेचा अधिकारी, यंत्र कंपनीचा माणूस, खोल्यांचा मालक आणि मटेरियलवाला. नव्याने यादीत आलेल्यांपैकी हेडमास्तर तेवढे आले होते, मागच्या खुर्चीत तोंड घट्ट मिटून. मटेरियलवाल्याने वीस वर्षं तिला उधारीवर माल दिला होता आणि गेल्या चार महिन्यांत फोनवर नको नको ते बोलून झालं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिने यादीसाहेबांच्या परवानगीने आणलेले नऊ ट्रे टेबलावर ओळीने मांडले.

"तुम्हाला माझ्याकडून फार थोडं मिळणार आहे," ती म्हणाली. "त्याबद्दल तोंड वर करून बोलायची माझी सोय नाही. पण ह्या नऊ कवळ्या आज आहेत तशा कुलपात गेल्या, तर त्यांची किंमत शून्य. साहेबांच्या कागदावर तसं आहे. पुऱ्या झाल्या, तर नऊ जण उरलेले अर्धे पैसे भरतील. ते माझ्याकडे नाही येणार, साहेबांच्या खात्यात जातील, तुम्हा सगळ्यांसाठी. मजुरी मी घेणार नाही. पावडर अडीचशे ग्रॅम लागेल. बारा दिवस द्या."

बँकेच्या अधिकाऱ्याने एक ट्रे उचलून डोळ्यांजवळ नेला. "उरलेले पैसे ते भरतीलच कशावरून?"

"हसले की भरतात. तसं ठरलेलं असतं."

"आणि नाही हसले तर?"

"तर मी परत बाकावर घेते."

"बारा दिवसांत?"

"बारा दिवसांत."

यंत्र कंपनीचा माणूस म्हणाला, ह्याला काही पायंडा आहे का. यादीसाहेब म्हणाले, पायंडा नाही, मनाईही नाही, हजर असलेल्या सगळ्यांची संमती मात्र हवी. मग मटेरियलवाल्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"पावडर माझीच आहे ना ती?"

"तुमचीच."

"पैसे न दिलेली."

"न दिलेली."

त्याने मागे वळून हेडमास्तरांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं. "करू द्या तिला," तो बँकवाल्याला म्हणाला. "नाहीतरी हिच्या हाताखेरीज त्या मेणाचं काय करणार तुम्ही? मेणबत्ती?"

बारा दिवस ती सकाळी सातला लॅब उघडायची आणि उजेड जाईपर्यंत बसायची. मेणातले दात एकेक निरखायची, प्लास्टरमध्ये दाबायची, मेण वितळवून काढायची, गुलाबी लगदा भरून शिजवायची. यादीसाहेब दर तीन दिवसांनी येऊन पावडरचं वजन करत. दुसऱ्या फेरीला ते तासभर उगाच थांबले. साचा फोडून कवळी बाहेर काढताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, आणि ती अखंड निघाली तेव्हा सोडला. तिने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पेशंट येत होते. आरशासमोर उभे राहत होते. हेडमास्तरांना तिने हसायच्या आधी अग्रलेखाचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. 'स' वर जरा शीळ वाजत होती. तिने पुढच्या दातांच्या मागे दोन वेळा घासलं, तिसऱ्यांदा शीळ गेली. मास्तरांनी परिच्छेद संपवला आणि म्हणाले, "लेख सुमार आहे." मग हसले.

बाराव्या दिवशी आठ जणांचे पैसे यादीसाहेबांच्या खात्यात होते आणि नववा डबा बाकावर होता. ती कवळी एका निवृत्त नर्सबाईंची होती. त्यांचे गुडघे गेले होते, त्या तिसऱ्या मजल्यावर राहत आणि औषधांच्या दुकानावरचा जिना त्यांना चढवत नव्हता. संध्याकाळी पाचला किल्ली द्यायची होती. तीन वाजता तिने घासमशीन पिशवीत टाकलं आणि डबा घेऊन निघाली. गाडी आठवड्यापूर्वीच गेली होती. ती चालत गेली.

नर्सबाईंच्या खोलीत अंधार होता, म्हणून त्यांना धरून बाहेर जिन्याच्या खिडकीपाशी बसवलं. कवळी घातली. निळा कागद दातांमध्ये धरला. "टक टक करा," ती म्हणाली. नर्सबाईंनी केलं. डावीकडे निळा ठिपका मोठा पडला, म्हणजे तिथे दात उंच होता. तिने तिथेच पायरीवर बसून घासलं. वरून उतरणारे लोक तिच्या खांद्याला वळसा घालून जात होते. एकाने विचारलं, काय चाललंय. नर्सबाई तोंडात कागद धरून म्हणाल्या, "ऑपरेशन."

चौथ्या वेळी ठिपके सारखे पडले. आरसा तिने पर्समधला दिला. नर्सबाईंनी बराच वेळ बघितलं, ओठ ह्या बाजूला केले, त्या बाजूला केले. आणि हसल्या. हात मांडीवरच होता.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने किल्ली आणि नववे पैसे यादीसाहेबांच्या हातात ठेवले. त्यांनी पावती लिहून दिली. पावडर चारशे अठ्ठावन्न ग्रॅम उरली होती. "आठ ग्रॅम वाचवलेत," ते म्हणाले. ती दार लावलेल्या खोल्यांकडे न बघता जिना उतरली.

शेवटची सुनावणी अकरा महिन्यांनी झाली. तोवर ती एका हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये नोकरीला लागली होती, तिच्याहून निम्म्या वयाच्या मुलांच्या हाताखाली. पगाराचा एक हिस्सा दर महिन्याला कोर्टाकडे जात होता. दादा तिच्याबरोबर सुनावणीला आला. रात्रभर त्याला झोप नव्हती, तिला होती.

न्यायाधीशांनी यादीसाहेबांचा अहवाल वाचला. एका जागी थांबले.

"नऊ नावं वगळली होती?"

"हो साहेब."

"मुद्दाम?"

"नाही. मी त्याला काम म्हणत होते. देणं म्हणायचं असतं हे नंतर कळलं."

"कळल्यावर किती दिवसांत सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. कचेरी नऊला उघडते."

न्यायाधीशांनी यादीसाहेबांकडे बघितलं. यादीसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "पावणेनऊला पायरीवर होत्या." आणि बसले. एवढंच ते त्या दिवशी बोलले.

हुकूम चार ओळींचा होता. पाचही नावांची कर्जं आणि नऊ जणांपैकी कोणाचं काही देणं उरलं असेल तर तेही ह्या तारखेपासून संपलं. दादाला तो दोनदा वाचून दाखवावा लागला. मग तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि तिने त्याला तसं उभं राहू दिलं.

ती कारकुनाच्या टेबलाशी प्रत घ्यायला थांबली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आता मला स्वतःचं काम सुरू करता येईल?"

"येईल."

"आणि लोकांकडून आगाऊ पैसे घेता येतील?"

कारकुनाने शिक्का मारला, प्रत तिच्यापुढे सरकवली. "आता तुम्ही मोकळ्या आहात बाई. घ्या की. किती घेणार आहात?"

"काही नाही," ती म्हणाली. "सगळे पैसे हसल्यावरच घेईन म्हणते."